नऊशे चाळीस पौंड

आल्टन फॉल्स, इंडियाना
११ जानेवारी १९३२

सुतारवर्य मेहुणेबुवांना,

नव्या वर्षाच्या शुभेच्छा, उशिरा का होईना, घ्या. तुमची बहीण बर्गा म्हणते, दादाला लिहिताना आधी तब्येत विचार आणि मग भांड. तर तब्येत कशी आहे? झालं विचारून. आता कामाचं.

अठ्ठ्याऐंशी नंबरची चासी तयार झाली, चाकं, चौकट, इंजिन सगळं. अशी चासी ड्रेटन कारखान्यातून आजवर बाहेर पडली नाही. हे मी दर वेळी म्हणतो असं बर्गा म्हणेल, म्हणू दे. आठ सिलिंडर एका ओळीत, क्रँकला नऊ बेअरिंगं, आणि इंजिन चालू असताना बॉनेटवर हात ठेवला तर चालू आहे की बंद ते कळत नाही. काल तिला ट्रायलला बाहेर काढली. बॉडी नाही, काच नाही, दारं नाहीत. चौकटीवर एक लाकडी खोकं बांधलं, त्याच्यावर मी, डोळ्यांवर चष्मा, छातीला कोटाच्या आतून चार वर्तमानपत्रं. मक्याच्या शेतांमधला तो सरळ रस्ता तुम्ही पाहिलाय, त्याच्यावर शंभर मैलाला टेकवली. पुढे एका शेतकऱ्याची डुकरं रस्त्यात आली. ब्रेक दाबला, थांबली. डुकरांनी मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही.

ही चासी मिसेस थर्लो नावाच्या बाईंची आहे. नवरा कोळशाच्या खाणी ठेवून वारला. बाईंना चाकं आणि इंजिन आमचं हवं आणि वरची बॉडी तुमच्या होल्टझिंगरांकडची. पैसेवाल्यांच्या डोक्यात कोण शिरणार? पण एक बदल झालाय. पूर्वी मी चासी चालवत तुमच्याकडे आणायचो आणि बॉडी तुम्ही तिथे चढवायचात. आता आमच्या साहेबांना काटकसर सुचली आहे. तुम्ही बॉडी पुरी करायची, रेल्वेने इकडे पाठवायची, आणि चढवायची आम्ही. तेव्हा बॉडीच्या वजनाचं कार्ड आधी पाठवा. त्यावरून मागच्या स्प्रिंगांचे पाटे आणि ब्रेक निवडायचे असतात. हे काम यंदा माझ्याकडे आलंय, कारण ते करणारे दोघे नाताळच्या आधी घरी बसले. ट्रायल घेणारे आम्ही अकरा होतो, चार उरलोय. मधल्या सुट्टीत कोणी कोणाशी बोलत नाही.

म्हणून एक घाट घातलाय. बाईंना ड्रायव्हर हवा आहे. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात त्यांचं घर आहे, गॅरेजवर दोन खोल्या ड्रायव्हरला. मी अर्ज केला. बर्गाला सांगितलं तेव्हा ती खिडकीशी जाऊन त्या सपाट शेतांकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, "खरंच डोंगर असतील ना?" अकरा वर्षं ही बाई इथे डोंगराविना राहिली आणि मला पत्ता नव्हता.

तुमचा
एमरी


एल्सडॉर्फ, पेनसिल्व्हेनिया
२ फेब्रुवारी १९३२

एमरी,

खरं तर 'भावोजी' म्हणायला हवं, पण चासी पोचवायला आलास आणि जाताना माझी बहीण घेऊन गेलास, त्या माणसाला भावोजी म्हणायला जीभ वळत नाही.

तुझी चासी चांगली असेल. विहिरीचा पंपही चांगला असतो, म्हणून कोणी त्यावर बसून लग्नाला जात नाही. लोक गाडी म्हणून जे पाहतात, ज्याला हात लावतात, ज्यात बसतात, ते आम्ही बांधतो. हे तुला अजून पचत नाही. पचव.

बॉडीचा सांगाडा झाला. सगळं अ‍ॅशचं लाकूड, तीन वर्षं वाळवलेलं. दारांच्या खांबांना मी स्वतः सांधे मारले, कोणाला हात लावू दिला नाही. तुम्ही कारखानेवाले म्हणता लोखंडाचं करा. लोखंड एकदा वाकलं की वाकलेलंच राहतं, अ‍ॅश वाकतं आणि परत येतं. वर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा चढला. काल काट्यावर घेतली, नऊशे चाळीस पौंड भरली. एवढी मोठी बॉडी इतकी हलकी आमच्या खात्यातून गेली नव्हती, म्हातारा होल्टझिंगरसुद्धा काट्याकडे दोनदा बघून गेला. कार्ड सोबत आहे. उद्या ती वरच्या मजल्यावर जाईल, रंगवाले, काचवाले आणि गादीवाले यांच्या ताब्यात, आणि मग मला तिच्याकडे फिरकायलाही मिळणार नाही.

तुझ्या बाई येऊन गेल्या. पाच फुटांची मूर्ती, पण आल्या आणि आमचा आराखडा मोडीत काढला. मागच्या खोलीला दुहेरी जाड काच हवी, कारण त्यांना वाऱ्याचा आवाज सोसत नाही. अक्रोडाची कपाटं हवीत. ड्रायव्हर आणि त्यांच्यामध्ये काचेची भिंत हवी, बोलायला नळी. आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर छप्पर नको, शेजारी काच नको. जुन्या बग्गीवाल्यासारखा तो उघड्यावर दिसला पाहिजे. तो तू, हे आठवून मी दिवसभर हसलो. पावसात भिजशील, चांगलं होईल.

आता हसणं बाजूला ठेवून विचारतो. तू डोंगरात गाडी कधी चालवली आहेस? आमच्याकडे उतार चारचार मैलांचे असतात. पूर्वी चासी घेऊन यायचास तेव्हा तिच्यावर तू आणि तुझं खोकं एवढंच ओझं असायचं. आता मागे बाई असतील, सामान असेल. बर्गाही कधी असेल. नीट विचार करून हो म्हण.

ऑटमार


आल्टन फॉल्स
२० फेब्रुवारी १९३२

सुतारवर्य,

कार्ड मिळालं. पाटे काढून ठेवले, ब्रेकही ठरवले. नऊशे चाळीसचा आकडा मी आमच्या साहेबांना दाखवला, त्यांनाही नवल वाटलं. म्हटलं, माझा मेहुणा तोंडाने जड आहे, हाताने हलका.

पण तुमचा डोंगराचा प्रश्न मला झोंबला. बावीस वर्षं मी गाड्या थांबवतोय. मी कामाला लागलो तेव्हा ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असायचे. आता चारही चाकांना आहेत, इंजिनाच्या ओढीची मदत आहे, पायाच्या अंगठ्याने दाबला तरी दोन टनांची गाडी उभी राहते. तुम्हाला वाटतं सपाट मुलखातल्या माणसाला उतार कळत नाही. साहेब, शंभराच्या वेगाला थांबवणं म्हणजे काय ते एकदा त्या खोक्यावर माझ्या शेजारी बसून बघा. चार मैलांचा उतार मला काय सांगता?

नोकरी पक्की झाली. बाईंचं पत्र आलं, मे महिन्यात गाडी घेऊन मीच यायचं. उघड्यावर बसवतील तर बसेन. इथे आता उघड्यावर पडायचीच वेळ आली आहे. या आठवड्यात आणखी एक गेला, आम्ही तिघे उरलोय, आणि अठ्ठ्याऐंशीनंतर एकोणनव्वद नंबरची ऑर्डर नाही. जो तो दुसऱ्याच्या कपाळाकडे बघतो, पुढचा नंबर कोणाचा लिहिलाय म्हणून. मला जेवण जात नाही. एकदा ही गाडी घेऊन निघालो की सुटलो असं वाटतं.

बर्गाने सामान बांधायला काढलंय. अजून अडीच महिने आहेत म्हटलं तर म्हणते, बांधलेलं दिसलं की बरं वाटतं. दोनदा चहाच्या कपांसाठी सगळं सोडलं आणि परत बांधलं. कोबीचं आंबवण करायची बरणी तेवढी बाहेर आहे.

एमरी


एल्सडॉर्फ
२२ एप्रिल १९३२

एमरी,

काल बॉडी मालगाडीत चढली. मी फलाटावर उभा होतो. वीस वर्षांत कधी गेलो नव्हतो, काल गेलो. काळा रंग असा लागलाय की जवळ गेलं तर आपलंच थोबाड दिसतं आणि मागे सरावं लागतं. रंगवाल्यांनी सोळा हात दिले, दर हात वाळवून घासला. आत हिरवी मखमल, खाली घोड्याच्या केसांच्या गाद्या, अक्रोडाची कपाटं, त्यात चांदीचे पेले, पायाखाली उबेसाठी पितळी पेटी. बाईंनी शेवटी शेवटी आरसासुद्धा वाढवला. काचा तर अशा जाड की बाहेर बँड वाजला तरी आतल्या माणसाला मासा तोंड हलवतोय असं वाटेल. हमाल चार बोलावले होते, आठ लागले, आणि आठही जण माझ्या नावाने शंख करत होते.

बर्गाला सांग, गाडी घेऊन निघाल तेव्हा मागच्या गादीवर तिनेच बसायचं, बाईंच्या आधी. दार लावताना आवाज ऐकायचा. आपटायचं नाही, नुसतं लोटायचं. ते दार माझं आहे. तिच्यासाठी मी आजवर काही केलं नाही. लग्नातसुद्धा तुझ्यावरच्या रागाने मागच्या बाकावर बसलो होतो. ती त्या गादीवर बसून डोंगर चढून येते आहे हे मनात आणलं की मला बरं वाटतं. ह्याच्यावर थट्टा करू नकोस.

आमच्याकडे यानंतर काम नाही. होल्टझिंगर म्हणतो, वाट बघू. म्हातारा रोज सकाळी येऊन लाकडाच्या थप्प्या मोजतो आणि परत जातो. मी हत्यारांना धार लावत बसतो. धार लावायला आता काही उरलं नाही.

ऑटमार


आल्टन फॉल्स
९ मे १९३२

सुतारवर्य मेहुणेबुवा,

चढवली. आमचे लोक कामं टाकून बघायला आले. मान्य करतो, देखणी आहे. एवढंच मान्य करतो.

आता एक तक्रार. बॉडी चढवल्यावर मागची बाजू चांगली दोन बोटं खाली बसली. मी पाटे पुन्हा तपासले, बरोबर तेच आहेत. तुमच्या कार्डाप्रमाणे तयार बॉडी नऊशे चाळीस, त्याला बेतून मी स्वतः हाताने निवडलेत, ब्रेकही त्यालाच बेतून. मग ही शेपटी का टेकते? तुमचा काटा दारू पितो की काय? की सध्या तिकडे गाडी मागून खाली ठेवायची फॅशन आहे? आमचे साहेब म्हणाले, राहू दे, बसकी दिसते, रुबाबदार दिसते. मीही म्हटलं राहू दे. आता पाटे बदलायचे तर नवे मागवायचे, आठवडा जायचा, आणि मला इथे आठवडाभर बसवत नाही. सरळ रस्त्यावर ट्रायल घेतली. थांबायला थोडी आळशी वाटली, पण थांबली.

हे पत्र टाकतो आणि निघतो. बर्गा आत्ताच मागे जाऊन बसली आहे, हातमोजे घालून, कोणी राणीसाहेब. दार तिने तीनदा उघडून लोटलं आणि तिन्ही वेळा माझ्याकडे बघितलं. ओहायो ओलांडून पिट्सबर्ग, मग ग्रीन्सबर्गला मुक्काम, आणि शुक्रवारी डोंगर ओलांडून पलीकडे बाईंचं घर. तिथे पोचलो की लिहितो. तुमच्यासाठी पर्सिमनच्या फळांच्या गोड पोळीचा एक डबा बर्गाने घेतलाय, तो कधी पोचेल देव जाणे.

मी खुशीत आहे, ऑटमार. पुष्कळ दिवसांनी.

एमरी


एल्सडॉर्फ
१२ मे १९३२
(ग्रीन्सबर्ग टपाल कचेरीत ठेवावे. श्री. एमरी स्टाउट यांनी मागताच द्यावे.)

एमरी,

पुढे जाऊ नकोस. जिथे हे वाचतोस तिथेच गाडी उभी कर आणि मग बाकीचं वाच.

तुझं पत्र आत्ता मिळालं. 'तयार बॉडी नऊशे चाळीस' असं त्यात लिहिलंयस. अरे, ती तयार बॉडी नव्हती. नऊशे चाळीस हे कोऱ्या बॉडीचं वजन आहे, लाकूड आणि पत्रा एवढ्याचं. आमचा काटा खाली सुतारखात्याच्या दाराशी आहे, लाकडाचे गाडे तोलायला बसवलेला. वरच्या मजल्यावर काटा नाही, कधीच नव्हता. आम्ही बॉडी कोरी तोलतो, कार्डावर तेच लिहितो, हे इथे झाडूवाल्यालासुद्धा माहीत आहे. पूर्वी चासी इथे यायची, बॉडी इथेच चढायची, गाडी कशी बसते ते बघून आमचाच माणूस पाटे बदलून घ्यायचा. तेव्हा कार्डाकडे कोणी बघत नव्हतं. यंदा तू बघितलंस. तुम्ही लोक तयार वजन धराल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. अर्धी बॉडी कोण तोलतं असं तुला वाटलं असेल. आम्ही तोलतो.

आत्ता गादीवाल्यांना आणि काचवाल्यांना विचारून हिशेब केला. नुसत्या काचा दोनशेच्या वर आहेत. सगळं धरून बॉडी पंधराशे पौंडांच्या आसपास भरेल. त्यात तुम्ही दोघं, तुमचं सामान, बर्गाच्या पेट्या. सपाट रस्त्यावर तुझे ब्रेक निभावून नेतील. डोंगराच्या उतारावर चार मैल पाय दाबून ठेवलास तर ब्रेकचे ड्रम तापतील आणि मग दाबायला काही राहणार नाही. हे मी तुला खिजवायला लिहीत नाही. तुझे ब्रेक वाईट नाहीत, माझ्या कार्डावर तू विश्वास ठेवलास.

तीन तारा केल्या. एक तुमच्या कारखान्यात, ते म्हणाले माणूस निघाला. एक बाईंच्या घरी. एक ग्रीन्सबर्गच्या हॉटेलांच्या संघटनेला, तुझं नाव आणि गाडीचा रंग देऊन. तारबाबू म्हणाला, काळी मोठी गाडी, एवढ्यावर कोण शोधणार? मी त्याच्यावर ओरडलो. मी घरी बसू शकत नाही, कामावर बसू शकत नाही. हे पत्र घेऊन आत्ता स्टेशनवर जातोय, डाकगाडीच्या माणसाच्या हातात देईन.

बर्गाला घेऊन रेल्वेने जा. गाडी तिथेच राहू दे, बाई काय म्हणतील ते म्हणू देत. नोकरी गेली तर माझ्या घरी या. हे मी तुला पहिल्यांदा म्हणतोय, मला माहीत आहे.

ऑटमार


लॉरेल हाउस, बेडफर्डजवळ, पेनसिल्व्हेनिया
१७ मे १९३२

प्रिय ऑटमार,

आम्ही पोचलो. तुमची तार इथे वाट बघत होती. ग्रीन्सबर्गचं पत्रही तिथल्या टपालवाल्यांनी मागाहून इकडे पाठवलं. आम्ही सकाळी लवकर निघालो होतो, ते गाठ पडायचं राहून गेलं.

उतारावर गाडी डाव्या बाजूने जरा खडकाला घासली. काळजीचं कारण नाही. कार्डाचं मनाला लावून घेऊ नका. गाडी बसलेली मी पाहिली होती. मी तोलून घ्यायला हवी होती, वाटेत दर गावात कोळशाच्या वखारीवर काटा असतो. चूक माझी आहे.

हवा चांगली आहे. बर्गा नमस्कार सांगते.

आपला,
एमरी


एल्सडॉर्फ
२० मे १९३२

एमरी,

अकरा वर्षांत तू मला 'प्रिय ऑटमार' कधी लिहिलं नाहीस. 'चूक माझी' तर बापजन्मात लिहिलं नाहीस. काय झालंय?

बर्गा नमस्कार सांगते म्हणतोस, मग तिने खाली दोन ओळी का लिहिल्या नाहीत? ती कुठलंही पत्र कडेला काही खरडल्याशिवाय जाऊ देत नाही. ती बरी आहे का? खरं सांग. मी दोनदा स्टेशनवर गेलो आणि परत आलो, कारण तुम्ही नीट असाल तर मी वेडा ठरेन, आणि नसाल तर तिच्यासमोर कोणत्या तोंडाने उभा राहू?

चूक माझी आहे. कार्ड मी लिहिलं. त्यात वाटेकरी होऊ नकोस. मला बर्गाचं अक्षर दाखव.

ऑटमार


लॉरेल हाउस
२४ मे १९३२

दादा,

हे घे माझं अक्षर. मी धडधाकट आहे. गुडघा सुजला होता, उतरला. एमरीच्या पत्रावर मी काही लिहिलं नाही कारण त्याने ते मला दाखवलं नाही. परस्परच टपालात टाकायला दिलं.

तुला सगळं सांगते. तो सांगणार नाही.

चढताना गाडी इतकी सुरेख चालली होती की मी नळीतून त्याला गाणं म्हणून दाखवलं. माथ्यावर थांबलो, भाकरी आणि चीज खाल्लं. खाली दऱ्या, हिरवं हिरवं, अगदी आपल्या घरामागे होतं तसं. मला रडू आलं आणि एमरी म्हणाला, हे बघायला तुला अकरा वर्षं थांबवलं, माफ कर. मग आम्ही उतरायला लागलो.

पहिला मैल बरा गेला. मग गाडीने वेग घेतला. मला वाटलं हा मुद्दाम करतोय, तुला लिहायला की बघा, तुमच्या डोंगरात मी कसा उतरलो. मी चिडले. मधल्या काचेवर टकटक केली, त्याने मागे बघितलं नाही. काचा इतक्या चांगल्या आहेत दादा, मला बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं. जळका वास तेवढा आला. नळीत तोंड घालून मी म्हटलं, "एमरी, हा काय मूर्खपणा चाललाय?" नळीतून त्याचा आवाज आला, अगदी शांत. "बर्गे, खाली बस. गादीवर नको, पायाशी. उजव्या कोपऱ्यात." तो आवाज ऐकला आणि मला सगळं कळलं. मी खाली बसले आणि कपाटाचा पाय धरला.

पुढचं मी खालून पाहिलं. उजव्या हाताला दरी होती, डाव्या हाताला रस्त्यापलीकडे खडक. खालचा गियर पडतच नव्हता, तो दांडा मारत होता आणि नळीतून नुसती करकर येत होती. समोरून कोळशाचा ट्रक वर येत होता. एमरीने डावा हात बाहेर काढला आणि जोरजोराने हलवला, बाजूला हो, बाजूला हो. त्याच्या शेजारी काच नव्हती, डोक्यावर छप्पर नव्हतं. बाईंना तो उघड्यावर दिसायला हवा होता ना. त्याला उडी मारता आली असती दादा. मी मागे काचेत बंद आणि तो मोकळा. ट्रक कडेला झाला, मागे पडला आणि एमरीने गाडी रस्ता ओलांडून खडकाला लावली, स्वतःच्या, डाव्या बाजूने. खडकाला घासत घासत ती बरीच खाली गेली आणि थांबली. त्याला हात आत घ्यायला वेळ मिळाला नाही.

बेडफर्डच्या डॉक्टरांनी डावा हात मनगटाच्या वरून काढला. उजवा शाबूत आहे, म्हणून तो तुला लिहू शकला आणि तुला अक्षरावरून काही कळलं नाही.

तुझी बॉडी डावीकडून सगळी गेली. पत्रा सोलला, काचा फुटल्या. पण खांब उभे राहिले, आणि मी बसले होते तिथे टाचणीएवढी काच आली नाही. ट्रकवाला म्हणाला, दुसरी गाडी असती तर चेपली असती. हे तुला सांगायला हवं म्हणून सांगते. तुझं लाकूड वाकलं आणि परत आलं.

बाई वाईट नाहीत. इस्पितळात आल्या, एमरीच्या उशाशी बसून रडल्या, खर्च सगळा त्यांनी केला. पण एका हाताचा ड्रायव्हर कोण ठेवणार? पिट्सबर्गचा एक माणूस पहिल्या तारखेला येतोय, खोल्या त्याला लागतील. गाडी दुरुस्तीला तुमच्याकडेच येणार आहे, डावी बाजू नव्याने बांधायला. होल्टझिंगरला काम मिळालं. आम्हीही तिच्याच मागे येतो. तू 'माझ्या घरी या' असं लिहिलंस ते पत्र मी वाचलंय, आता मागे घेऊ नकोस. मागची खोली झाडून ठेव. एमरीसाठी पलंग खिडकीशी नको, त्याला रस्त्यावरच्या गाड्या ऐकू आल्या की तो भिंतीकडे तोंड करतो.

आता तुम्हा दोघांना एक सांगायचंय. त्याला मी तोंडावर सांगून झालं, तुला लिहिते. इतकी वर्षं तुमचं भांडण की गाडी खरी कोणाची. तो म्हणायचा चासी, तू म्हणायचास बॉडी, आणि तुमची पत्रं वाचून मी हसायचे. आता तो पडल्या पडल्या म्हणतो चूक माझी, तू लिहितोस चूक माझी, वाटेकरी होऊ नकोस. हेही भांडण तुम्ही तसंच करताय, दुसऱ्याला हात लावू न देता. मला ते ऐकवत नाही. मी तुझ्यावर रागावले आहे आणि त्याच्यावरही, आणि तुम्हा दोघांशिवाय मला कोणी नाही.

तुम्ही दोघांनी जन्मभर अर्धी अर्धी गाडी केली. एकाने खालची, एकाने वरची, आणि मधे एक कार्ड. अख्ख्या गाडीत बसून तो डोंगर उतरले ती मी एकटी. ती किती जड होती ते तुम्हा दोघांना ठाऊक नाही. एका टेबलाशी बसा आणि मला विचारा.

तुझी
बर्गा